कडेचं काम

सकाळी ७. भोसरी एमआयडीसीत पहिली पाळी. आजची प्लेट एसए ५१६ ग्रेड ७०, जाडी ५० एमएम, ४८७० बाय २०००. आतला व्यास १५०० असलेल्या प्रेशर व्हेसलचं शेल हिच्यातून वळणार. लांबी काढताना १५५० हा मधला व्यास धरायचा. आतला धरला तर शेल लहान पडतं.

साडेसात. कडा छाटणारं मशीन चालू करण्याआधी प्लेटवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाणीचा ओळख क्रमांक, शोधतो. तो छाटल्या जाणाऱ्या पट्टीत असेल, तर आधी इन्स्पेक्टरसमोर प्लेटच्या आत पंच करून घ्यायचा. नंबर गेला की पावणेचार टनांहून जास्त पोलाद बेवारस झालं.

सव्वाआठ. क्रेनने प्लेट मशीनच्या टेबलावर. दोन्ही कर्ण मोजले, सारखे आले, मगच क्लॅम्प आवळले.

९ ते साडेबारा. दिवसाचं खरं काम हेच. गॅसने कापलेल्या कडेवर खवले असतात आणि त्यांच्याखाली तापून कडक झालेला थर, म्हणून आधी ३ एमएम उडवतो. मग बेव्हल, म्हणजे वेल्डसाठी कडेला तिरका उतार. सिंगल व्ही नाही, डबल व्ही: दोन्ही बाजूंनी ६० अंशांची खाच आणि मध्ये ३ एमएमचा रूट फेस, म्हणजे न छाटलेली सरळ कड. हिशेब सोपा आहे. एकाच बाजूने ४७ एमएम खोल खाच काढली, तर वेल्डरला दुप्पट धातू भरावा लागतो आणि जोड एका अंगाला ओढला जातो. कटर कोरडाच चालवतो. बेव्हलवर तेलकट कूलंट राहिलं तर वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि पुढे तडा जातो. चिप आकड्यानेच ओढायची, हाताने कधीच नाही.

‘ग्राइंडरने भागेल की,’ असं सांगणारे भेटतात. नाही भागत. २ मीटरच्या कडेवर हात एकसारखा कोन धरत नाही. रूट फेस कुठे १ राहतो, कुठे ४. पातळ जागी रूट जळून आरपार जातो, जाड जागी जोडलाच जात नाही, आणि बोल मात्र वेल्डरला लागतो.

जेवण.

दीड वाजता प्लेट उलटवली. त्या वेळी क्रेनच्या टप्प्यात कोणी उभं राहत नाही, साहेबही नाही. साडेतीनपर्यंत दुसरी बाजू झाली.

पावणेचार. प्रोटॅक्टरने कोन तपासला, मग कडेवर डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट. पांढऱ्या डेव्हलपरवर पृष्ठाला समांतर लाल रेघ उमटली तर प्लेटच्या पोटात लॅमिनेशन आहे असं समजायचं. आज रेघ नाही. लांब शिवणीच्या दोन्ही कडा तयार झाल्या, गोल शिवणीच्या उद्या.

ड्रॉइंग काढणाऱ्यांना एक विनंती. शेलच्या आत वेल्डर बसू शकत असेल, तर ५० एमएमच्या जोडाला सिंगल व्ही दाखवू नका.