क्रूझ ठरवताय? आधी घरातली माणसं मोजा!

‘यंदा क्रूझ!’ असं जाहीर करणं सोपं, कसरत पुढे असते. आमची टीम बघा: चार वर्षांचं पिल्लू, गुडघेदुखीवाले बाबा, कांदा-लसूण न खाणारी आई आणि मोजून चार दिवस रजा मिळालेले आम्ही दोघं. मग काय, वहीत तीन रकाने आखले.

पहिला कॉर्डेलियाचा. 2021 पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप. विमान नको, व्हिसा नको. फक्त ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 सालचं, आटोपशीर.

दुसरं ‘जेंटिंग ड्रीम’, सिंगापूरहून सुटणारं. 2016 चं भलंमोठं जहाज. पोरांना वॉटरस्लाइड्स, आईला जैन जेवण.

तिसरी रॉयल कॅरिबियन. यांच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर काचेची कॅप्सूल समुद्रापासून 300 फूट वर नेते! किड्स क्लबमध्ये प्रवेश तिसऱ्या वर्षापासून, पण डायपर सुटलेला हवा.

आता पैशांचं. तिकिटात केबिन, नेहमीचं जेवण आणि बरेचसे शो येतात. टिप, वायफाय, ड्रिंक्स, किनाऱ्यावरची भटकंती यांचं मीटर सहसा वेगळं पडतं. तुलना करायची ती एकूण बिलाची.

सिंगापूरला जाण्यायेण्यातच आमची निम्मी रजा संपणार होती. शिवाय बाबांची एकच अट होती, ‘झोपून समुद्र दिसला पाहिजे.’ म्हणून मुंबईचंच जहाज घेतलं, खिडकीवाली केबिन, लिफ्टजवळ. केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध मागा. तिथे जहाज कमी डुलतं. कॅप्सूलचं काय? पिल्लू मोठं होईतो रजा साठवतोय!