लठ्ठपणा आणि इन्सुलिन: रक्तातील साखर वाढण्याआधी शरीरात काय घडते?

प्रस्तावना

लठ्ठपणामुळे मधुमेह होऊ शकतो, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. त्यावरून बरेच जण असा समज करून घेतात की वजन वाढले की शरीरातील इन्सुलिन कमी होऊ लागते. प्रत्यक्षात सुरुवातीची अनेक वर्षे नेमके उलट घडते. रक्तातील इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त असते आणि साखरेचा रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’ येतो. हा काळ समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण बिघाड दुरुस्त करणे याच काळात सर्वांत सोपे असते.

इन्सुलिनचे नेहमीचे काम

इन्सुलिन हे संप्रेरक स्वादुपिंडातील बीटा पेशी तयार करतात. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की या पेशी इन्सुलिन रक्तात सोडतात. ते मुख्यतः तीन ठिकाणी काम करते.

१. स्नायू: इन्सुलिनचा संदेश मिळताच पेशीच्या आत असलेली ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या आवरणापर्यंत येतात आणि ग्लुकोज आत घेतात.

२. यकृत: ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात होऊ लागतो आणि यकृताकडून रक्तात सोडले जाणारे ग्लुकोज कमी होते.

३. मेदऊती: साठवलेल्या मेदाचे विघटन थांबते, त्यामुळे रक्तात मेदाम्ले कमी उतरतात.

यातील तिसरे काम विद्यार्थी सहसा विसरतात. लठ्ठपणात इन्सुलिनचे गणित कसे बिघडते, हे समजण्यासाठी मात्र तेच आधी लक्षात घ्यावे लागते.

मेद वाढल्यावर काय बिघडते?

त्वचेखालील मेदऊती हे शरीराचे कोठार आहे. जास्तीची ऊर्जा तिथे सुरक्षित साठते. पण या कोठारालाही मर्यादा असते. मेदपेशी फुगत गेल्या की त्यांच्यावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, मेदाचे विघटन पुरेसे थांबत नाही आणि मेदाम्ले रक्तात उतरत राहतात. मग हा मेद जिथे साठायला नको तिथे, म्हणजे यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडातही साठू लागतो.

स्नायू आणि यकृताच्या पेशींत साठलेल्या मेदापासून बनणारे काही पदार्थ इन्सुलिनचा संदेश मध्येच अडवतात. इन्सुलिन पेशीच्या आवरणावरील ग्राहीला चिकटते, पण पुढचा निरोप आत नीट पोहोचत नाही. शिवाय, फुगलेल्या मेदऊतीत महाभक्षी पेशी गोळा होतात आणि सौम्य पण दीर्घकाळ टिकणारा दाह सुरू होतो. त्यातून स्रवणारे टीएनएफ-अल्फासारखे घटक हा अडथळा वाढवतात. इन्सुलिनच्या कामाला मदत करणारे ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक लठ्ठपणात कमी होते. या सर्वांच्या एकत्रित परिणामाला ‘इन्सुलिन प्रतिरोध’ म्हणतात.

इन्सुलिनची पातळी का वाढते?

पेशी प्रतिसाद देत नाहीत म्हटल्यावर बीटा पेशी अधिक इन्सुलिन सोडतात. यकृतही रक्तातील इन्सुलिन नेहमीपेक्षा कमी प्रमाणात काढून टाकते. त्यामुळे पातळी आणखी वाढते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन व्यक्तींची उपाशीपोटी साखर ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. पहिल्या व्यक्तीचे उपाशीपोटी इन्सुलिन ५ आणि दुसरीचे २० मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर आहे. होमा-आयआर या पद्धतीत साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून त्याला ४०५ ने भागतात. पहिल्या व्यक्तीचे उत्तर सुमारे १.१ येते, तर दुसरीचे ४.४. साखर दोघींची सारखीच आहे, पण ती तेवढी ठेवण्यासाठी दुसरीच्या स्वादुपिंडाला कितीतरी जास्त राबावे लागते. फक्त साखर तपासली तर हा फरक दिसणारच नाही.

मान किंवा काखेतील त्वचा काळपट, जाडसर आणि मखमलीसारखी होणे ही अशा स्थितीची एक बाहेरून दिसणारी खूण असू शकते. घासून ती जात नाही, कारण तो मळ नसतो.

भरपाई कमी पडते तेव्हा

काहींच्या बीटा पेशी हा ताण आयुष्यभर पेलतात. म्हणूनच प्रत्येक लठ्ठ व्यक्तीला मधुमेह होत नाही. पण आनुवंशिक कारणांमुळे किंवा स्वादुपिंडात साठलेल्या मेदामुळे ज्यांच्या बीटा पेशी थकतात, त्यांचे इन्सुलिन गरजेच्या मानाने अपुरे पडू लागते. साखर वाढते ती या टप्प्यावर. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात प्रकार २ मधुमेहाचे निदान झाले तेव्हाच रुग्णांच्या बीटा पेशींची कार्यक्षमता सुमारे निम्म्यावर आलेली आढळली. म्हणजे निदान हा आजाराचा पहिला दिवस नसतो.

वजन कमी, तरी मेद जास्त

भारतीयांच्या बाबतीत वजनकाटा फसवा ठरू शकतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होता. पुणे परिसरातील नवजात बाळांच्या अभ्यासातही असेच चित्र दिसले. इंग्लंडमधील बाळांपेक्षा ती वजनाने बरीच लहान होती. स्नायूंचे प्रमाण कमी होते, पण त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता.

म्हणून भारतीयांसाठी निकष कडक ठेवले आहेत. बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावा. तो मोजताना श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरा.

हा बदल मागे फिरवता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. चालताना किंवा जिना चढताना स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा ग्लूट-४ इन्सुलिनच्या संदेशाशिवायही आवरणाकडे येते. म्हणून वजन उतरण्याआधीच व्यायामाचा फायदा सुरू होतो. वजन कमी झाले की यकृतातील मेद लवकर घटतो आणि इन्सुलिनची गरज उतरते.

ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीत (२०१७) निदान होऊन ६ वर्षांच्या आत असलेले, इन्सुलिन न घेणारे रुग्ण होते. देखरेखीखाली वजन घटवलेल्या गटातील ४६ टक्के जणांचा मधुमेह एका वर्षानंतर औषधांशिवाय नियंत्रणात आला. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. मात्र औषधे चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

सारांश

लठ्ठपणात आधी इन्सुलिनचा परिणाम घटतो, मग भरपाईसाठी त्याची पातळी वाढते आणि बीटा पेशी थकल्यावर शेवटी साखर वाढते. साखरेचा चांगला रिपोर्ट या साखळीतील पहिल्या दोन पायऱ्या दाखवत नाही. कमरेचा घेर मात्र त्यांची शक्यता आधीच सुचवू शकतो.

स्वाध्याय

१. साखर सामान्य असतानाही इन्सुलिन जास्त का असू शकते?

२. त्वचेखालील मेद आणि यकृतातील मेद यांच्या परिणामांत काय फरक आहे?

३. स्वतःच्या कमरेचा घेर मोजा आणि वरील निकषांशी ताडून पाहा.