गेमिंगचा संगणक : पैसा कुठे घालावा?

घरातल्या कमावत्या मुलाने स्वतःच्या पगारातून भारी गेमिंग संगणक जुळवायचे ठरवले, तर वडीलधाऱ्यांनी नुसते नाक मुरडू नये. यादी घेऊन त्याच्याशेजारी बसावे. एक भाग चुकला की बाकीच्यांवर घातलेला पैसाही वाया जातो.

पहिला मान ग्राफिक्स कार्डाचा. खेळातले चित्र तेच उभे करते. पण आधी मॉनिटर ठरवा. तो साधा १०८० पिक्सेलचा असेल, तर सर्वांत महाग कार्डाचे चीज होत नाही. त्याला फोर-के मॉनिटर हवा.

मग प्रोसेसर. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रायझन ७ ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे. त्यामुळे खेळाला लागणारी माहिती हाताशी राहते. मात्र त्याला एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅमच लागते. घरातली जुनी डीडीआर४ त्यात बसत नाही.

काटकसर होते ती पॉवर सप्लायवर, आणि घात तिथेच होतो. जानेवारी २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०९० कार्ड एकटेच ५७५ वॅटपर्यंत वीज ओढते. एनव्हिडियाने त्यासाठी १००० वॅटचा सप्लाय सांगितला आहे.

कॅबिनेट घेताना कार्डाची लांबी मोजा, हवा खेळेल हे पाहा. रंगीत दिव्यांनी वेग वाढत नाही.

प्रत्येक भागाचे पक्के बिल घ्या, वॉरंटी तपासा. पैसा घामाचा आहे. दुकानदाराच्या गोड बोलण्यापेक्षा आपली यादी खरी माना.