सभासदत्वाची सक्ती कितपत न्याय्य?

कामगार संघटनेने मिळवलेली पगारवाढ वर्गणी न भरणाऱ्यालाही मिळते, म्हणून सभासदत्व सक्तीचे हवे, असे म्हटले जाते. ही तक्रार रास्त आहे. पण तिच्यातून फार तर वाटाघाटींच्या खर्चाचा वाटा मागता येतो, निष्ठा नव्हे. ब्रिटिश रेल्वेने संघटनेत न गेलेल्या तिघांना कामावरून काढले, तेव्हा १९८१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो संघटनास्वातंत्र्याचा भंग ठरवला. मुंबईच्या गिरण्यांत सभासदत्व ऐच्छिक होते, पण १९४६च्या औद्योगिक संबंधांच्या कायद्याने कामगारांचे प्रतिनिधित्व एकाच संघटनेकडे दिले. १९८२च्या संपात गिरणी कामगार संपनेते दत्ता सामंतांमागे गेले, तरी कायदेशीर प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिला. एकी मोडली तर मालकाचे फावते, हे खरेच. पण ती गुप्त मतदानाने टिकवावी. बाहेर पडण्याची मुभा असली, तरच नेत्यांना सभासदांचे ऐकावे लागते.