फडणीस, दफ्तरदार आणि जमाखर्चाचे कागद

जुन्या घराण्यांतील रुमाल सोडले म्हणजे संग्राहकांची दृष्टि प्रथम शिक्क्याच्या पत्रांकडे जाते. सनदा, आज्ञापत्रें व राजकीय पत्रव्यवहार वेगळा काढला जातो. कीर्द, खतावणी, झडती, ताळेबंद आणि सुट्या फर्दा मात्र पुन्हा गुंडाळून ठेवल्या जातात, अथवा रद्दींत जातात. हुकूम कोणीं दिला हें शिक्क्यावरून कळतें. तो अमलांत आला कीं नाहीं, व त्याचा पैसा कोठून आला, हें हिशेबाच्या कागदांवांचून कळत नाहीं. हे कागद ज्यांच्या हातून निर्माण झाले त्या अधिकाऱ्यांची कामें समजल्यास त्यांचें मोल ध्यानांत येईल, म्हणून हा विषय येथें मांडला आहे.

शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत जमाखर्चाचा अधिकार अमात्याकडे, म्हणजेच मुजुमदाराकडे, होता. १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं रामचंद्र नीळकंठ हे ह्या पदावर होते. फडणीस हा शब्द ‘फर्दनवीस’ ह्यापासून आला असें मानतात. फर्द म्हणजे सुटा ताव. तो लिहिणारा तो फर्दनवीस. मूळचें हें काम कारकुनी. पण पेशवाईंत त्याच पदावरून बाळाजी जनार्दन भानु ऊर्फ नाना फडणीस (१७४२–१८००) राज्याचा सूत्रधार झाला.

महालांतील व्यवस्था पाहिली म्हणजे ह्या बळाचें कारण उमगतें. कमाविसदार वा मामलेदार वसूल करी, परंतु त्याच्या शेजारीं सरकारनें नेमलेले दरकदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस. हिशेब व लेख फडणिसाकडे जाण्यापूर्वीं मुजुमदारानें पसंत करावे. फडणिसानें त्यांवर तारीख घालून रोजची नोंद करावी. दफ्तरदारानें त्या नोंदींवरून दरमहाचा गोषवारा हुजुरांत पाठवावा. पोतनिसानें रोकडीचा हिशेब ठेवावा आणि पोतदारानें नाणें पारखावें, अशी वांटणी होती. ह्या दरकदारांना बडतर्फ करण्याचा अधिकार कमाविसदारास नव्हता. म्हणून एकट्यानें रक्कम दडविणें कठीण होई. त्यासाठीं साऱ्यांनाच सामील करून घ्यावें लागे.

पुण्याचें हुजूर दफ्तर ह्याच रचनेचें मोठें रूप होय. त्याचे दोन मुख्य भाग होते: चालते दफ्तर व एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरांत फड, बेहेडा व सरंजाम अशा शाखा होत्या. जे हिशेब नित्य पाहण्याची गरज उरत नसे ते एकबेरजेंत लावून ठेवीत. भरभराटीच्या काळांत तेथें दोनशेंहून अधिक कारकून खपत. नानाच्या मृत्यूनंतर दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत महाल मक्त्यानें देण्याची चाल वाढली व दफ्तराची हेळसांड झाली. जेथें मक्त्याची ठरीव रक्कम आधींच हातीं येते, तेथें रयतेकडून किती घेतलें हें विचारण्याची गरज राज्यकर्त्यास वाटत नाहीं. आणि विचारणारा नसला म्हणजे लिहिणाराहि ढिला पडतो. १८१८ नंतर हें दफ्तर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं ४५ खंडांत प्रसिद्ध झाले.

असाच प्रकार दूरच्या जपानांतहि आढळतो. तोकुगावा राजवटींत एदो येथें ‘कांजो-बुग्यो’ नांवाचे जमाखर्चाचे अधिकारी असत. ते बहुधा चार असत. शोगुनाच्या खासगत मुलखाचा तांदळाच्या रूपांतील सारा, त्या मुलखांतील कमाविसदारांसारखे अंमलदार व खजिना हीं त्यांच्या देखरेखीखालीं येत. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठीं १६८२ मध्यें हिशेबतपासनिसाचें वेगळें पद निर्माण झालें. पुढें ओगिवारा शिगेहिदे ह्या अधिकाऱ्यानें १६९५ मध्यें नाणीं नव्यानें पाडून रुप्याचें प्रमाण शेंकडा ८० वरून ६४ वर आणलें. खजिन्यास तात्पुरता लाभ झाला, पण महागाई व असंतोष वाढला. १६९९ मध्यें तपासनिसाचें पदहि बंद पडलें. आराई हाकुसेकी ह्या पंडितानें वारंवार लेखी तक्रार केल्यावर १७१२ मध्यें ओगिवारा बडतर्फ झाला आणि तें पद पुन्हा सुरू झालें. हिशेब लिहिणारा व तपासणारा वेगळे असावेत, हें तत्त्व दोन्ही देशांस एकमेकांची ओळख नसतां सुचलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. हिमायतनगर, जुनें नांव वाढोणें, हें पैनगंगेच्या खोऱ्यांतील गांव पूर्वीं निजामाच्या राज्यांत होतें. १७१९ च्या सनदांनीं दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर मराठ्यांस शेंकडा २५ चौथाई व शेंकडा १० सरदेशमुखी मिळाली. एकाच मुलखावर दोन सत्तांची मागणी बसली, आणि ती आंकड्यांत उतरविण्याचें काम गांवीं कुलकर्ण्याकडे व परगण्यांत देशपांड्याकडे आलें. हैदराबादेंतहि माल-हिशेब दोन वंशपरंपरागत दफ्तरांत वांटलेला होता: दफ्तर-इ-दिवानी रायरायाँ ह्या मराठी ब्राह्मण घराण्याकडे व दफ्तर-इ-माल मालवाले ह्या माथूर कायस्थ घराण्याकडे. पहिल्याकडे मुख्यत्वें पश्चिमेचा मराठी मुलूख व दुसऱ्याकडे तेलंगण होतें. १८५३ मध्यें दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगानें हीं दफ्तरें सरकारच्या ताब्यांत घेतलीं, व १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर वसुली पगारी अंमलदारांकडे गेली.

ह्याचा परिणाम कागदांवर झाला. राजधानींतील दफ्तर सरकारांत जमा होऊन टिकलें. गांव-परगण्याचे मोडी व फारशी कागद मात्र वतनदारांच्या घरींच राहिले. वतन गेल्यावर त्यांचा व्यवहारांतील उपयोग संपला आणि वाळवी, पाऊस व रद्दीवाला हेच त्यांचे वाली झाले. वास्तविक राजधानींतील आंकडा व गांवचा आंकडा समोरासमोर ठेवल्यावांचून रयतेनें दिलें किती व खजिन्यांत पोंचलें किती, ह्या प्रश्नाचें उत्तर मिळणार नाहीं. दुष्काळांतील सूट खरोखर कुळापर्यंत आली काय, हेंहि ह्याच कागदांवरून ठरावयाचें आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, रुमाल सोडतांना त्यांतील क्रम मोडूं नये. कोणता ताव कोणत्या तावाखालीं बांधला होता, हीहि दफ्तरदारानें ठेवलेली नोंदच आहे. पाठीवरील ‘बार’ व ‘सुरू सूद’ यांसारखे शेरे, तारखा, निशाण्या व मोर्तब मजकुराइतक्याच काळजीनें उतरून घ्यावीं. कारण कागद कोणकोणत्या हातांतून गेला ह्याची साक्ष तींच देतात. एकट्या फर्देची किंमत बाजारांत थोडी असेल. पण दहा वर्षांच्या फर्दा एकत्र राहिल्यास एका गांवचा इतिहास लिहितां येतो, आणि त्या विखुरल्या म्हणजे तो कोणासहि पुन्हा जुळवितां येत नाहीं.