चार्जर काढला, पंखा तसाच

वीजबिल जास्त आलं की घरात पहिला आळ येतो तो प्लगमध्ये राहिलेल्या मोबाईल चार्जरवर. फोन न जोडलेला आजचा चार्जर वर्षभर तसाच ठेवला, तरी खातो जेमतेम दोन-तीन युनिट. खरा चोर त्याच्या शेजारी असतो. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बरेचसे बॉक्स १० वॅटच्या आसपास वीज ओढत राहतात. दिवसरात्र धरलं तर महिन्याला सात युनिट. भिंतीवरचं बटण बंद करायला काय जातं?

स्लॅबबद्दल तर हमखास ऐकू येतं, ‘शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळ्या बिलाला वरचा दर!’ महावितरणच्या घरगुती बिलात तसं नसतं. पहिल्या १०० युनिटना पहिलाच दर लागतो, १०१ ते ३०० मधल्या युनिटना वरचा. पण हा वरचा दर जवळपास दुप्पट आहे आणि आपण वाचवलेलं युनिट नेहमी त्या महागड्या टोकाकडूनच कमी होतं. म्हणून १५० युनिटवाल्या घराने २० युनिट वाचवली, तर बिल त्याला वाटतं त्याहून जास्त उतरतं.

ही २० युनिट एका पंख्यात सापडतात. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी मोटरचा साधारण ३० वॅटचा. रोज १५ तास फिरला तर महिन्याला ३४ युनिटच्या जागी साडेतेरा. ‘पंखा हळू केला तरी बिल तेवढंच’ हे मात्र अर्धसत्य आहे. जुन्या, ठोकळ्यासारख्या रेग्युलेटरमध्ये उरलेली बरीच वीज उष्णता होऊन जाते, म्हणून तो हाताला गरम लागतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने बचत होते.

एसी १८ वर ठेवला म्हणून खोली झटकन गार होत नाही, निदान साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत तरी नाही. त्याचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो. फक्त बंद उशिरा होतो. २४ पुरे.

बागेचं गणित अजून वेगळं. हिरवळ म्हणजे पर्यावरणस्नेही, असं आपण धरून चालतो. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज पाचेक लिटर पाणी लागतं. म्हणजे वीस चौरस मीटरच्या पट्ट्याला रोज १०० लिटर, तेही टँकर मागवण्याच्या दिवसांत! एकीकडे पालापाचोळा झाडून जाळायचा आणि दुसरीकडे खत विकत आणायचं, हा उद्योग तर मला कधीच कळलेला नाही. तोच पाला झाडांच्या बुंध्याभोवती, खोडाला न चिकटवता, चार बोटं जाड पसरला की माती झाकली जाते आणि बाष्पीभवन घटतं. पाणी सकाळी लवकर द्यावं आणि त्याआधी मातीत बोट खुपसून पाहावं. आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी द्यायचं नाही.

शेवटी सोलर. ‘पॅनल बसवले की लाइट जाणार नाही’ हा समज बॅटरी नसलेल्या यंत्रणेला लागू नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून वीज गेली की असा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका घराला अनुदान कमाल ७८,००० रुपये, तेही ३ किलोवॉटला. त्यापुढे कितीही बसवा, अनुदान वाढत नाही. एक किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते, तेव्हा पाण्याच्या टाकीची सावली कुठवर सरकते ते कंत्राटदार येण्याआधीच बघून ठेवा.