एकाच पावसातली दोन शरीरं

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात इंद्रावती तुडुंब भरली की पर्लकोटेचं पाणी तिच्यात मावत नाही. ते मागे फिरतं, चढत जातं आणि गावाकडे वळतं. २०१९ च्या पावसाळ्यात ते बाजारपेठेतल्या दुकानांत शिरलं होतं. पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की आलापल्लीकडचा रस्ता तुटायचा, हे इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं अनुभवलं आहे. लाहेरीच्या पुढे, बिनागुंड्याच्या डोंगराकडची वाट तर त्याहून अवघड. चढ, घनदाट जंगल आणि मध्ये आडवे येणारे नाले. झड लागली की तिथे पायांवरच भरवसा.

अशीच पावसातली चढण साताऱ्यात लोक हौसेने चढतात. तिथे २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. भर पावसाळ्यात हजारो धावपटू यवतेश्वरचा घाट चढतात आणि त्याच वाटेने खाली येतात. भामरागडच्या जंगलवाटांवर ना पाणी देणारे स्वयंसेवक, ना शेवटच्या रेषेवर टाळ्या. तरीही डोंगर, पाऊस आणि लांबचं अंतर मिळून माणसाच्या शरीराची जी परीक्षा घेतात, ती इथे दर पावसाळ्यात होते. आजारी माणसाला खाटेच्या कावडीतून दवाखान्यात नेतात तेव्हा ती सर्वांत स्पष्ट दिसते. खाट दोरांनी बांबूला टांगायची, बांबू खांद्यावर घ्यायचा, दमलं की दुसऱ्याने पुढे व्हायचं. खाटेवरच्या माणसावर पन्नी पांघरायची आणि निघायचं.

अशा वेळी शरीराच्या आत काय चालतं, हे समजून घेताना मी थक्क होतो. धावताना माणूस वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतो. म्हणजे ६० किलोचा माणूस किलोमीटरमागे ६० किलोकॅलरी जाळतो. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंच्या कामी येतो, बाकी सगळी उष्णता होते. आता दुसरा आकडा बघा. ६० किलोच्या शरीराचं तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की गोष्ट उघड होते. उष्णता बाहेर पडायची सोयच नसती, तर दर किलोमीटरला अंग जवळजवळ एक अंशाने तापलं असतं आणि ३७ अंशांवर निघालेला माणूस पाचव्या किलोमीटरच्या आतच जिवाला मुकला असता. मॅरेथॉन मात्र ४२.१९५ किलोमीटरची असते. माणूस ती पूर्ण करू शकतो, कारण त्याची कातडी वाटभर उष्णता बाहेर टाकत राहते.

हे काम मुख्यतः घामाचं. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो, म्हणजे जवळजवळ बारा किलोमीटर धावण्याची उष्णता. अट एकच, घाम वाळला पाहिजे. माठातलं पाणी उन्हाळ्यात गार होतं आणि पावसाळ्यात होत नाही, त्याचं कारण हेच. दमट हवेत आधीच इतकी वाफ असते की माठावरचा ओलावा उडत नाही. पाऊस थांबून जंगलात वारा पडला की खाट वाहणाऱ्यांची अवस्थाही तीच होते. ओझं, चढ आणि चिखल यांमुळे चालण्याचा खर्चही धावण्याइतका होतो. घाम निथळतो, पण वाळत नाही, आणि अंग आतून तापत जातं. मग पुन्हा सर कोसळते, थंड पाणी अंगावरून वाहतं आणि घामाला न जमलेलं काम पाऊस करून टाकतो. राबणाऱ्या शरीराला पाऊस असा सोबती होतो.

खांद्याखालच्या खाटेवर मात्र दुसरं शरीर आहे. ते हलत नाही. चालणारा माणूस जितकी उष्णता निर्माण करतो, तिचा लहानसा हिस्साच निपचित पडलेल्या शरीरात तयार होतो. पन्नीच्या फटीतून कपडे भिजतात. ओल्या कपड्यात पाणी अंगाला चिकटलेलं असतं, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. वाहणाऱ्यांना सुखावणारा तोच पाऊस त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडलेल्या माणसाचं बळ शोषत असतो. शरीर थरथरून उष्णता निर्माण करू पाहतं, पण त्यासाठीही इंधन लागतं. उपाशी, रक्त कमी असलेल्या किंवा तापाने खंगलेल्या माणसाकडे ते नसतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तर नीट थरथरताही येत नाही. त्याच्या मानेजवळ आणि पाठीत तपकिरी चरबीचा छोटा साठा असतो. तो जाळून ते ऊब मिळवतं, आणि साठा संपला की गारठतं. म्हणून बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून कोरडं कापड गुंडाळणं, हा साधा उपाय त्याला वाचवू शकतो.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. आधी बोटं ऐकेनाशी होतात, जीभ अडखळते, आणि मग विचारशक्ती मंदावते. सर्वांत घातक हेच, कारण आपण संकटात आहोत हे ओळखणारा मेंदूच थकतो. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत सुरू असताना अचानक गारठवणारा पाऊस आणि वादळी वारा सुटला. अंगावर पातळ कपडे असलेले २१ धावपटू मरण पावले. त्यांत नावाजलेले, कसलेले धावपटूही होते. ते धावत होते तोवर शरीराची भट्टी पेटलेली होती. चढावर, वाऱ्यात वेग मंदावला आणि उष्णतेची आवक घटली, खर्च मात्र वाढतच राहिला. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेलं, शेकोटी पेटवली आणि त्यांचे प्राण वाचवले. तिथे कामाला आला तो कोरडा आडोसा आणि आगीची ऊब.

भामरागडच्या वाटेवर उष्णतेच्या या हिशेबात नाल्याची भर पडते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. म्हणून सकाळी पायी ओलांडलेला गुडघाभर नाला संध्याकाळी तेवढाच खोल असूनही माणसाला वाहून नेऊ शकतो. पाणी गढूळ असेल तर तळाचा दगड दिसत नाही, मग डोळ्यांचं काम तळपायाला करावं लागतं. सरावलेला माणूस काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवतो, एक पाय पक्का टेकल्याशिवाय दुसरा उचलत नाही. तळपाय आणि घोट्यातले संवेदक निसटता दगड ओळखून मज्जारज्जूला कळवतात, आणि मनात विचार येण्याआधीच स्नायू तोल सावरतात. आणि पाणी फार चढलं असेल, तर तोच माणूस काठावर बसून राहतो. पूर उतरायची वाट पाहणं हेही या वाटेवरचं कौशल्यच आहे. थंडीने बधिर झालेला मेंदू सर्वांत आधी हेच कौशल्य गमावतो.

म्हणूनच खराब हवामानातल्या लांब पल्ल्याची खरी तयारी घरून निघण्याआधी होते. धावपटूच्या पाठपिशवीत जलरोधक पिशवीत बांधलेला एक कोरडा शर्ट असावा, आणि थांबल्याबरोबर तो अंगावर चढवावा. खाटेवरच्या माणसाला पन्नीआधी कोरडं कांबळं गुंडाळावं, आणि विसाव्याला खाट वाऱ्याच्या आडोशाला ठेवावी. याहून मोठी तयारी गावाच्या आणि सरकारच्या हातात असते. पावसाळ्याआधी दुर्गम गावांत काही महिन्यांचं धान्य पोचवलं जातं. गरोदर बाईला दिवस भरण्याआधीच दवाखान्याजवळच्या ‘माहेरघर’ या निवाऱ्यात राहता येतं. १९७३ मध्ये भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, तेव्हा दवाखानाच जंगलातल्या माणसाजवळ आला आणि कितीतरी कावडींची वाट कमी झाली. नाल्यावर उंच पूल झाला की तीच वाट आणखी आखडते.

माणसाचं शरीर पावसात, चढावर, चिखलात ४२ किलोमीटर कापू शकतं, हे विलक्षण आहे. पण ही ताकद ज्याने आपणहून शर्यत निवडली आहे त्याच्या आनंदासाठी खर्च व्हावी. प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या बाईला आणि तिची खाट वाहणाऱ्या माणसांना ती जगण्यासाठी पणाला लावावी लागू नये.